न्यायाधीश फिल्बिंगर यांचा विसराळूपणा

‘समाजवादाऐवजी स्वातंत्र्य’ ही घोषणा देऊन हान्स फिल्बिंगर यांनी १९७६ साली पश्चिम जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाला ५६.७ टक्के मते मिळवून दिली. स्वातंत्र्याचे हे कैवारी १९३७ साली नाझी पक्षाचे सभासद झाले होते आणि १९४३ पासून हिटलरच्या आरमाराच्या न्यायखात्यात होते. या सेवेचा हिशेब चव्हाट्यावर आला तो फेब्रुवारी १९७८ मध्ये, नाटककार रोल्फ होखहुट यांच्या लेखामुळे.

वाल्टर ग्रोगर हा बावीस वर्षांचा खलाशी. नॉर्वेतून स्वीडनला पळून जाण्याचा त्याने बेत केला, हा त्याचा अपराध. पहिल्या न्यायालयाने आठ वर्षांची सक्तमजुरी सुनावली. ती सेनाधिकाऱ्यांना अपुरी वाटली. जानेवारी १९४५ मध्ये सरकारी वकील म्हणून फिल्बिंगर यांनी देहान्त शिक्षा मागितली. १६ मार्चला ऑस्लो येथे ग्रोगरला गोळ्या घालण्यात आल्या, तेव्हा अंमलबजावणीचे अधिकारी म्हणून तेच उभे होते. जर्मनीची शरणागती आठ आठवड्यांवरही नव्हती.

वरून हुकूम होता, वकिलाने करावे तरी काय, असे त्यांचे समर्थक म्हणत आले. ठीक. पण युद्ध संपल्यानंतर, ब्रिटिशांच्या ताब्यातील युद्धकैद्यांच्या छावणीत, गणवेशावरील स्वस्तिक उपटून टाकून वरिष्ठांना ‘नाझी कुत्रे’ म्हणणाऱ्या एका सैनिकाला याच न्यायाधीशांनी सहा महिन्यांची कैद दिली. तेव्हा हिटलर मेलेला होता. तो हुकूम कोणाचा होता?

पुढे मुख्यमंत्री झाल्यावर निष्ठा तपासण्याचा हा छंद सुटला नाही. सरकारी नोकरीतून ‘घटनाविरोधी’ माणसे वगळण्याच्या १९७२ च्या ठरावाची कडक अंमलबजावणी त्यांनी केली. डाव्या विचारांचे तरुण शिक्षक चौकशीच्या फेऱ्यात सापडले. (हा ठराव सोशल डेमोक्रॅट चान्सेलर विली ब्रांट यांच्या पुढाकाराने झाला होता, ही लाजिरवाणी गोष्ट समाजवाद्यांनी दडवण्याचे कारण नाही.) एखाद्या शाळामास्तराने विद्यार्थिदशेत कोणत्या सभेला हजेरी लावली, याची सरकारी दप्तरात काटेकोर नोंद, आणि मुख्यमंत्री स्वतः मात्र न्यायाधीश या नात्याने आपण एकही मृत्युदंड दिला नाही, असे मे १९७८ मध्ये छातीठोकपणे सांगतात! लवकरच कागद सापडले: फरारी खलाशांना त्यांच्या गैरहजेरीत दिलेल्या देहान्त शिक्षांचे. ते विसरून गेलो होतो, असा खुलासा आला. होखहुट यांच्याविरुद्धचा दावा न्यायालयात बव्हंशी फसला, स्वपक्षीयांनी हात काढून घेतला, तेव्हा ७ ऑगस्ट १९७८ रोजी राजीनामा आला. पश्चात्तापाचा एक शब्दही त्यात नव्हता.

पक्षाने काय केले? १९७९ मध्ये राज्यशाखेचे सन्माननीय अध्यक्षपद दिले. २००२ मध्ये संसदेने हिटलरच्या सैन्यातील फरारींच्या शिक्षा कायद्याने रद्द केल्या. तरीही २००४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या सभेत हे वृद्ध न्यायाधीश मतदानाचा मान घेऊन हजर होते. एप्रिल २००७ मध्ये ते वारले. मुख्यमंत्री ग्युंटर ओटिंगर यांनी अंत्यविधीच्या भाषणात त्यांना नाझी राजवटीचे विरोधक ठरवले. ज्यू संघटना संतापल्या, चान्सेलर अँगेला मेर्केल यांनी कान उघाडणी केली, तेव्हा कोठे पाच दिवसांनी त्यांनी ते शब्द मागे घेतले.