भाषेचा रकाना आणि जुनी मोटारसायकल

गेल्या महिन्यात तीन तरुण आमच्या कार्यालयात आले. तिघेही बेळगावचे, तिघांचेही शालेय शिक्षण मराठीतून झालेले आणि तिघांच्याही घरी एकेक जुनी मोटारसायकल. जुन्या मोटारसायकलींच्या चाहत्यांसाठी एक नवे मासिक काढण्याचे त्यांनी ठरवले आहे. नोंदणीच्या अर्जावर आम्ही एकदा नजर टाकावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती. मसुदा नीटनेटका होता. मात्र ‘भाषा’ या रकान्यासमोर त्यांनी ‘इंग्रजी’ असे लिहिले होते. आम्ही कारण विचारले, तेव्हा उत्तर आले : “वकीलसाहेब, हा विषय मराठीत कोण वाचणार?”

हे उत्तर त्यांनी मराठीत दिले. त्याआधी अर्धा तास आमची वाट पाहत बाहेरच्या बाकावर बसून ते तिघे जावाच्या कार्बुरेटरवर हिरिरीने वाद घालत होते, तोही मराठीतच. ज्या विषयावर मराठीत भांडता येते, त्या विषयावर मराठीत लिहिता येत नाही, ही समजूत आली कोठून? हा प्रश्न त्या तिघांपुरता नाही. सीमाभागातील, गोव्यातील, इंदूर-ग्वाल्हेर-बडोदा-हैदराबादेतील आपल्या सर्वांचा आहे, म्हणून तो येथे मांडत आहोत.

प्रथम कायदा पाहू. 1867 चा मुद्रण व नोंदणीविषयक कायदा जाऊन त्याच्या जागी 2023 चा नवा कायदा आला व तो 1 मार्च 2024 पासून अमलात आहे. पूर्वी नियतकालिकासाठी दंडाधिकाऱ्यासमोर घोषणापत्र करावे लागे. आता अर्ज ऑनलाइन होतो. अर्जात भाषा नमूद करावी लागते, परंतु ती कोणती असावी हे कायदा सांगत नाही. संविधानाचे कलम 19 अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देते आणि कलम 29 प्रत्येक नागरिकसमूहाला आपली भाषा व लिपी जतन करण्याचा हक्क देते. आपण एरवी ज्या तक्रारी करतो, त्या फलकांच्या, सातबाऱ्याच्या, शाळांच्या व सरकारी परिपत्रकांच्या असतात. तेथे समोर शासन उभे असते. या रकान्यासमोर मात्र कोणीही उभे नव्हते. कोणताही अधिकारी, कोणताही आदेश, कोणतीही सक्ती नव्हती. तेथे ‘मराठी’ लिहिण्यास बंदी फक्त आपण स्वतः घातली होती. आमचे स्पष्ट म्हणणे असे की, जेथे आपल्याला कोणीही अडवत नाही तेथे मराठी न लिहिणाऱ्या समाजाला, जेथे अडवले जाते तेथे मराठी मागण्याचा नैतिक अधिकार कमी पडतो.

आता विषयाकडे वळू. जुन्या मोटारसायकलींचे ज्ञान आज नेमके कोणाजवळ आहे? इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफिल्डचा मूळ कारखाना केव्हाच बंद पडला. परंतु 1955 मध्ये मद्रासला सुरू झालेल्या कंपनीने बुलेट पुढे कित्येक दशके बनवली. त्यामुळे उजव्या पायाखाली गिअर आणि डाव्या पायाखाली ब्रेक असलेले ते जुने इंजिन आपल्याकडच्या मिस्त्रींच्या हातातून कधी सुटलेच नाही. चेकोस्लोव्हाकियाची जावा म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात 1961 पासून तयार होऊ लागली, पुढे तिचीच येझदी झाली, आणि 1996 मध्ये तो कारखाना बंद पडला. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सची राजदूत पोलंडच्या एस. एच. एल. या गाडीवरून घेतलेली. तिच्यावर दुधाचे कॅन लादून खेड्यातला दूधवाला पहाटे शहराकडे निघे, हे चित्र पन्नाशी ओलांडलेल्या कोणालाही आठवेल.

कारखाने बंद पडले तेव्हा सुटे भाग मिळेनासे झाले. तरीही गाड्या चालत राहिल्या, त्या कोणामुळे? ज्या मिस्त्रीने लेथवर बुश कातून घेतला, झिजलेला आटा पुन्हा पाडला, काजळीने चोंदलेला सायलेन्सर आगीत जाळून मोकळा केला, त्याच्यामुळे. जावाची गिअरची दांडीच फिरवून किक म्हणून वापरायची असते. ती किक उलटू लागली तर दोष कोठे शोधायचा, हे तो आवाजावरून सांगतो. पेट्रोलमध्ये वंगणाचे तेल किती मिसळायचे, उन्हाळ्यात काय जपायचे, घाट चढताना इंजिन दम का सोडते, हे त्याला ठाऊक आहे. हे ज्ञान कोणत्याही पुस्तिकेत नाही. ते बेळगावच्या उद्यमबागेत, कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि तालुक्याच्या गावांतील पत्र्याच्या शेडांत आहे. आणि या पट्ट्यात ते फार मोठ्या प्रमाणावर मराठीत आहे. त्या मराठीत कन्नड आहे, दखनी आहे, इंग्रजीही आहे. परंतु वाक्य मराठी आहे. हे मिस्त्री आता सत्तरीकडे झुकले आहेत. त्यांच्या मुलांनी पाना हाती घेतलेला नाही. दहा वर्षांनी ही माहिती विचारायला कोणी उरणार नाही.

मासिक इंग्रजीत निघाले तर काय होईल? गाडी विकत घेणारा त्यात लिहील आणि गाडी दुरुस्त करणारा त्यात केवळ छायाचित्रात दिसेल. ज्याचे ज्ञान, त्यालाच ते वाचता येऊ नये, त्यातील चूक दाखवता येऊ नये, हा अन्याय आहे. भाषेच्या नावावर होणाऱ्या अन्यायाविरुद्ध आपण इतकी वर्षे बोलत आलो. तोच अन्याय आपण आपल्या माणसांवर करावा काय?

आमच्या या म्हणण्यावर त्या तरुणांनी तीन आक्षेप घेतले. त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिला आक्षेप शब्दांचा. पिस्टन, क्लच, प्लग, मॅग्नेटो यांना मराठीत शब्द कोठे आहेत? आमचे उत्तर : शोधूच नका. पिस्टन हा आता मराठी शब्द आहे, जसा टेबल आहे, जसा स्टेशन आहे. भाषा नामांवर जगत नाही, क्रियापदांवर जगते. प्लगवर काजळी ‘धरते’, क्लच ‘सुटत’ नाही, आटा ‘जातो’, इंजिन ‘अडकते’, तेल ‘पाझरते’. ही क्रियापदे कोणत्याही समितीने घडवलेली नाहीत. ती गॅरेजमध्ये घडली. शिवाय पाना, पकड, कानस, वंगण, आटा असे शेकडो शब्द आपल्या कारागिरांजवळ पूर्वीपासून आहेत व ते लेखी मराठीतून झपाट्याने नाहीसे होत आहेत. असे मासिक हा त्या शब्दांचा चालता कोश होईल. जो भाषाभिमानी ‘कार्बुरेटर’ला संस्कृत प्रतिशब्द सापडेपर्यंत थांबण्यास सांगतो, तो मराठीचा मित्र नव्हे.

दुसरा आक्षेप परंपरेचा : यंत्र हा मराठी मासिकाचा विषय नाही. येथे त्या तरुणांना त्यांच्याच गावाचा इतिहास सांगावा लागला. 1888 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. दुचाकी विकण्यातून सुरू झालेला तो उद्योग लोखंडी नांगरापर्यंत गेला आणि 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याच कारखान्याच्या आवारातून 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्याचे ते वार्तापत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, त्याच्या जोडीला ‘स्त्री’ व ‘मनोहर’ आली, आणि मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या त्यांवर वाढल्या. विज्ञानाला वाहिलेले ‘सृष्टिज्ञान’ 1928 पासूनचे. मराठीने कवितेइतकेच यंत्राविषयी लिहावे, हे शंभर वर्षांपूर्वी ज्या मातीत सुचले, त्या मातीतल्या तरुणांनी आज ‘मराठीत कोण वाचणार’ असे विचारावे, याचे आम्हांस दुःख होते.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे. जाहिराती इंग्रजीकडे जातात. मराठी मासिके बंद पडत आहेत. त्यामागे कागद व टपाल यांचा खर्च आहे, तशीच वर्गणी भरण्याबाबतची आपली उदासीनताही आहे. हे आम्ही नाकारत नाही. परंतु इंग्रजीत अशा विषयावरची नियतकालिके देशात आणि परदेशात पूर्वीपासून आहेत. ब्रिटनमध्ये ‘क्लासिक बाइक’ 1978 पासून निघते. त्या गर्दीत बेळगावहून निघणारे आणखी एक इंग्रजी मासिक कोणाला हवे आहे? मराठीत मात्र ते एकटे असेल. ज्या बाजारात प्रतिस्पर्धी नाही तो बाजार लहान असला तरी आपला असतो.

आणि वाचक कोण, हेही सांगतो. केंद्र सरकारने 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. वाहन मूळ स्वरूपात असावे लागते. ‘व्ही ए’ अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. मात्र एकदा ही नोंद घेतली की ते वाहन नित्याच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, फेरी, संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्यापुरतेच ते बाहेर काढता येते. आता ज्याच्या गोठ्यात वडिलांची 1968 ची जावा उभी आहे आणि जो तिच्यावरून आजही शेतावर जातो, त्या शेतकऱ्याने काय करावे? नेहमीच्या नोंदणीचे नूतनीकरण करावे की ही नवी नोंद घ्यावी? कागद हरवले असतील तर काय? हे त्याला त्याच्या भाषेत कोणी सांगत नाही. म्हणून तो भंगारवाल्याच्या भावाने गाडी देऊन टाकतो आणि वर्षभरात तीच गाडी कोणा शहरी दिवाणखान्याची शोभा होते. असे व्यवहार आम्ही पाहिले आहेत. तो शेतकरी हा या मासिकाचा पहिला वाचक आहे.

आमच्या चळवळीतील काही ज्येष्ठ म्हणतील, 2004 चा दावा अजून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि तुम्ही मोटारसायकलींवर काय लिहिता? त्यांचा आदर राखून आम्ही सांगतो : दाव्याचा निकाल न्यायालय देईल, पण निकालाच्या दिवशी येथे मराठी कोणकोणत्या कामांसाठी वापरली जात असेल, हे आपणच ठरवणार आहोत. केवळ सभेची, स्मरणाची आणि निषेधाची भाषा झालेली मराठी पुढच्या पिढीला घरात ठेवावीशी वाटणार नाही. तिला छंद लागतात, धंदा लागतो, गॅरेज लागते. यात कन्नडशी वैर नाही, इंग्रजीशीही नाही. म्हैसूरला बनलेली गाडी मराठीत दुरुस्त झाली, यात दोन्ही भाषांची शोभाच आहे.

तरुणांनी विचार करून कळवतो असे सांगितले आहे. अर्ज अजून दाखल झालेला नाही. त्यांचा निर्णय आमच्या युक्तिवादावर नव्हे, तर आपल्या प्रतिसादावर अवलंबून राहील, हे आम्ही जाणतो. म्हणून वाचकांना विनंती : आपल्या गावातील जुन्या मिस्त्रीकडे एक संध्याकाळ बसा आणि तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. गोव्यातील वाचकांनी मोटारसायकलवरून भाडे मारणाऱ्या जुन्या ‘पायलटां’ना बोलते करावे, बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर व हैदराबादच्या मंडळींनी आपल्या घरातील गाड्यांच्या हकिकती लिहाव्यात. आणि मासिक मराठीत निघाल्यास आपण वर्गणी भरू, असे आम्हांस आजच कळवावे. पहिली वर्गणी आमची राहील.