पाठीला फुटलेले डोळे

इंद्राला हजार डोळे होते, शंकराला तिसरा होता, आणि तुमच्या-आमच्या हातातल्या फोनला हल्ली पाठीकडून तीन किंवा चार असतात. पुराणातल्या डोळ्यांना काही ना काही कारण असे. इंद्राचे डोळे शापातून आले. शंकराचा तिसरा उघडला आणि मदन जळून गेला. फोनला इतके डोळे कशासाठी, हे मात्र विकत घेणारा सहसा विचारीत नाही. दुकानदार म्हणतो, "मॅडम, यात चार कॅमेरे आहेत." आपण "असं का!" म्हणून पैसे मोजतो, आणि पुढे दोन-तीन वर्षे त्यातल्या एकाच कॅमेऱ्याने ताटातल्या पुरणपोळीचे आणि सोसायटीतल्या सत्यनारायणाचे फोटो काढीत राहतो. उरलेले तीन डोळे उघडे असतात की मिटलेले, याची आपल्याला दादही नसते.

मराठी शिकवणाऱ्या बाईने या भानगडीत का पडावे, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण पुढे येईलच. आधी हे डोळे आले कुठून ते पाहू.

लग्नातल्या फोटोग्राफरच्या गळ्यात ते लांबलचक नळकांडे असते ना, त्यातली भिंगे पुढेमागे सरकतात आणि लांबचे माणूस जवळ येते. फोन पडला आठ-नऊ मिलिमीटर जाडीचा. त्यात नळकांडे मावायचे कुठे? म्हणून कारखानदारांनी युक्ती काढली. एकच भिंग सरकवण्याऐवजी निरनिराळ्या पल्ल्यांची दोन-तीन भिंगे शेजारी शेजारी बसवून टाकायची. एक नेहमीचे, एक सारी खोली कवेत घेणारे रुंद, आणि एक लांबचे पाहणारे. प्रत्येकामागे त्याचा स्वतःचा प्रकाश टिपणारा तुकडा. म्हणजे आपण ज्याला चार कॅमेरे म्हणतो, ते खरोखरच चार वेगळे कॅमेरे असतात.

ही कल्पना एका दिवसात सुचली नाही. 2011 साली एचटीसी आणि एलजी यांनी दोन डोळ्यांचे फोन काढले, ते त्रिमितीय चित्रासाठी. लोकांनी ते नवल म्हणून पाहिले आणि विसरून गेले. 2014 साली एचटीसीच्या एका फोनला दुसरा डोळा आला, तो केवळ अंतर मोजण्यासाठी. आपण एक डोळा मिटून सुईत दोरा ओवू लागलो की फजिती होते, कारण अंतराचा अंदाज दोन डोळ्यांमुळे येतो, तेच तत्त्व. 2016 साली मात्र एकदम तीन वाटा फुटल्या. ह्युआवेने रंगीत डोळ्याशेजारी कृष्णधवल डोळा बसवला, एलजीने रुंद भिंग दिले आणि आयफोन सेव्हन प्लसने लांबचे पाहणारे. 2018 साली ह्युआवेचे तीन डोळे झाले, त्याच वर्षी सॅमसंगचे चार, आणि 2019 साली नोकियाने पाच बसवले. या शर्यतीत स्वस्त फोनांनीही उडी घेतली. पण तेथे पुष्कळदा दोन मेगापिक्सेलचा एखादा डोळा केवळ संख्या भरण्यासाठी असतो. बुजगावण्याच्या मडक्यावर चुन्याने डोळे काढतात, त्याच जातीचा.

आता खरी मौज. एवढे डोळे असूनही आपल्याला पडद्यावर चित्र दिसते ते एकच. याचे रहस्य एकत्र कुटुंबात आहे. 2018 साली अँड्रॉइडची नववी आवृत्ती आली, तीत अनेक कॅमेऱ्यांची मोट बांधण्याची रीतसर सोय झाली. प्रत्यक्षातल्या दोन-तीन कॅमेऱ्यांच्या वतीने एकच 'लॉजिकल कॅमेरा' बाहेरच्या जगाशी बोलतो. जुन्या वाड्यात दारावर आलेल्या माणसाशी घरातला कर्ताच बोले. विहिरीवर कोणाला पाठवायचे आणि बाजारात कोणाला, हे आत ठरे. तसेच येथे. आपण बोटांनी चित्र मोठे करीत जातो आणि आत केव्हा कोणत्या भावाला पुढे करायचे ते हा कर्ता ठरवतो. आपल्याला विचारीत नाही आणि सांगतही नाही.

याचा पडताळा घरबसल्या घेता येतो. ज्या फोनला लांबचे भिंग आहे, त्यात चित्र तीनपट मोठे करा, किंवा तुमच्या फोनवर जो आकडा असेल तितके. मग पाठीवरच्या मुख्य भिंगावर हळूच बोट ठेवा. भर दुपारी अंगणातल्या झाडाकडे पाहत असाल, तर चित्र बहुधा तसेच राहील. कारण काम लांबचे भिंग करीत आहे. आता हाच प्रयोग रात्री पणतीच्या उजेडात करा. बोट ठेवताच पुष्कळ फोनांत काळोख होतो. म्हणजे पडद्यावर 'तीनपट' असे लिहिलेले असूनही लांबचे भिंग स्वस्थ बसले होते, आणि मुख्य कॅमेऱ्याच्याच चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करून तुम्हाला दाखवला जात होता. यात लबाडी नाही. लांबच्या भिंगाला प्रकाश कमी मिळतो, त्यामागचा तुकडाही लहान असतो. अंधारात त्याचे चित्र दाणेदार येते. शिवाय फार जवळची वस्तू त्याला स्पष्ट दिसत नाही. कर्त्याचा निर्णय पुष्कळदा शहाणपणाचा असतो. आपली तक्रार असलीच तर ती इतकीच, की तो आपल्याला कळत नाही.

कळून घ्यायचा असेल आणि प्रसंगी बदलायचाही असेल, तर काय करावे? माझ्या वर्गात एक विद्यार्थी आहे. ज्ञानेश्वरीपेक्षा फोनच्या अंतरंगात त्याला अधिक गोडी. त्याने मला या प्रांताच्या पायऱ्या समजावून दिल्या, त्या येथे क्रमाने देते.

पहिली पायरी कोणालाही चढता येते. फोनच्या कॅमेऱ्यात 'अधिक' किंवा 'मोअर' नावाचे एक दार असते. त्यामागे कितीतरी गोष्टी अडगळीसारख्या ठेवलेल्या असतात. 'प्रो' नावाची सोय असेल तर तीत कोणते भिंग वापरायचे ते पुष्कळदा स्वतः निवडता येते. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांसाठी 'कॅमेरा असिस्टंट' म्हणून वेगळे ॲप मिळते. त्यात भिंगांची आपोआप अदलाबदल बंद करण्याचे बटण आहे. आयफोनच्या सेटिंगमध्ये चलच्चित्र घेताना कॅमेरा न बदलण्याची 'लॉक कॅमेरा' ही सोय आहे. आणि 2021 सालच्या थर्टीन प्रोपासून काही फोनांत, जवळची वस्तू दिसताच रुंद भिंगाकडे उडी मारायची की नाही, हेही ठरवता येते. मोडी लिपीतल्या जुन्या कागदांवरचे फिकट फराटे टिपताना ही शेवटची सोय मला फार उपयोगी पडली.

दुसरी पायरी म्हणजे परके ॲप आणणे. 'ओपन कॅमेरा' नावाचे एक फुकट ॲप आहे. त्याच्या सेटिंगमध्ये 'कॅमेरा टू' ही पद्धत निवडली, की ज्या फोनाने परवानगी दिली असेल त्याची निरनिराळी भिंगे बटणाने निवडता येतात. येथेच गाडे अडते. पुष्कळ फोन परवानगी देतच नाहीत. मी त्या विद्यार्थ्याला विचारले, "अरे, भिंग तर समोर दिसतंय. मग अडलं कुठं?"

तो म्हणाला, "मॅडम, भिंग आहे, तारही जोडलेली आहे. फक्त यादीत नाव नाही."

"कसली यादी?"

"पंगतीला बोलावलेल्यांची."

ही यादी खरोखरच असते. क्वालकॉमची चिप असलेल्या कित्येक फोनांत 'व्हेंडर कॅमेरा ऑक्स पॅकेजलिस्ट' या नावाची एक ओळ लिहिलेली असते. तीत ज्या ॲपांची नावे, त्यांनाच जास्तीचे कॅमेरे दिसतात. बाकीच्यांना पाठीचा मुख्य आणि पुढचा, असे दोनच आहेत असे भासवले जाते. कंपनीचे स्वतःचे ॲप अर्थातच यादीत पहिले. बाहेरचा पाहुणा आला की आतल्या खोलीचे दार ओढून घ्यायचे, म्हणजे ती खोली आहे हेच त्याला कळत नाही.

तिसरी पायरी निरुपद्रवी आहे, पण तिला संगणक लागतो. फोनच्या माहितीत 'बिल्ड नंबर' असतो. त्यावर सात वेळा बोट मारायचे. वटपौर्णिमेच्या सात फेऱ्याच म्हणा ना. मग 'तुम्ही आता डेव्हलपर झालात' असा आशीर्वाद मिळतो आणि एक गुप्त दालन उघडते. त्यातून फोन संगणकाला जोडून कॅमेऱ्यांची जंत्री मागवता येते. यामुळे डोळा उघडत नाही; पण कोणते डोळे आहेत असे फोन स्वतः कबूल करतो, ते समजते. माहिती मिळाल्यावर हा दरवाजा पुन्हा बंद करावा, हे बरे.

चौथी पायरी म्हणजे फोन 'रूट' करून ती यादीच आपल्या हाताने बदलणे. विद्यार्थी उत्साहाने सांगू लागला तेव्हा मी त्याला म्हटले, "हे माझ्यासारखीला सांगू नकोस." कारण साधे आहे. त्यासाठी फोनचे मूळ कुलूप उघडावे लागते आणि ते उघडताना आतले सगळे पुसले जाते. वॉरंटीवर पाणी सोडावे लागण्याची भीती असते, आणि अशा फोनात बँकांची ॲपे बहुधा चालायला नकार देतात. एका भिंगासाठी एवढा खर्च ज्याला परवडतो त्याने करावा.

आता माझे कारण. माझी आत्या सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. वय ऐंशीच्या पुढे. तिला जात्यावरच्या ओव्या येतात. गी प्वातेव्हँ आणि हेमा राईरकर यांनी अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमा करून ठेवल्या आहेत. त्या कामापुढे माझी धडपड अगदी लहान. पण आत्याच्या ओव्या आमच्या घरातल्या, आमच्या नदीच्या, आमच्या माणसांच्या नावांच्या. त्या जपाव्यात असे फार दिवस मनात होते. अडचण अशी, की फोन समोर धरला की आत्या गप्प होई. जाते ही दोघींची गोष्ट. एकीने ओवी उचलायची आणि दुसरीने ती पुढे न्यायची. तिच्यासमोर तिची धाकटी जाऊ बसली, तर आत्याला ओवी मागून ओवी आठवे. आणि एका डोळ्याच्या कॅमेऱ्यात दोघींपैकी एकीची पाठच यायची.

पुढचा आणि मागचा कॅमेरा एकाच वेळी चालवण्याची सोय नवी नाही. नोकिया एट या फोनात ती 2017 साली होती. आयफोनने 2019 साली आणि अँड्रॉइडने 2020 साली ॲप करणाऱ्यांसाठी ती रीतसर खुली केली. 2025 सालच्या आयफोन सेव्हन्टीनमध्ये तर ती मूळ कॅमेऱ्यातच आली. माझ्या फोनात ती त्या 'अधिक'च्या अडगळीत होती. मी दोघींना समोरासमोर बसवले, मधे पाट ठेवला आणि तांब्याच्या आधाराने फोन उभा केला. काय होणार आहे ते आधी दोघींना सांगितले. आत्या म्हणाली, "अगं, ह्यो डबा दोन्हीकडं बगतुय व्हय? मंग ह्याच्याम्होरं खोटं बोलाया न्हाई यायचं."

फोन तापला. दोन्ही कॅमेऱ्यांचे ओझे एकाच यंत्रावर पडते, म्हणून चित्रही नेहमीइतके बारकाव्याचे आले नाही. पण चाळीस मिनिटे मिळाली. घरी आल्यावर ती पाहिली, तेव्हा प्रत्यक्ष समोर बसूनही जे दिसले नव्हते ते दिसले. आत्या एका ओवीपाशी अडते, डोळे मिटते. आणि त्याच क्षणी दुसऱ्या चौकटीत जाऊबाईंचे ओठ पुढचा शब्द आवाज न करता उच्चारतात. आत्याने तो ऐकला नाही. डोळे मिटलेले असल्याने पाहिलाही नाही. तरी तिला आठवले. गेल्या चैत्रात जाऊबाई गेल्या. आत्या आता ओव्या म्हणत नाही.

या अनुभवाने, सगळी कुलपे फोडून टाकावीत असे मी म्हणू लागले असते. परंतु दुसरी बाजूही आहे. 2020 साली वनप्लस एट प्रो या फोनाला रंगांचे खेळ करण्यासाठी एक वेगळा डोळा होता. काही जातींच्या पातळ काळ्या प्लास्टिकमधून त्याला आरपार दिसते, हे लोकांच्या ध्यानात आले. रिमोटच्या आतले भाग दिसले तोवर गंमत; पण पुढे कपड्यांचा प्रश्न निघाला आणि कंपनीला त्या डोळ्यावर बंधन घालावे लागले. 1998 साली सोनीच्या अंधारात पाहणाऱ्या हँडीकॅमच्या बाबतीतही हेच घडले होते. म्हणजे कुलूप लावणारा दर वेळी अप्पलपोटाच असतो असे नाही. फक्त कुलूप लावले आहे आणि ते का लावले आहे, एवढे घरमालकाला सांगावे. पैसे त्याने चारही खोल्यांचे मोजलेले असतात.

तेव्हा या दिवाळीत पाहुणे जमतील, तेव्हा फोनातला तो 'अधिक'चा दरवाजा एकदा उघडून पाहा. घरात कोणी गाणारे, सांगणारे म्हातारे माणूस असेल, तर त्याच्यासमोर त्याच्या जोडीचे माणूस बसवा, दोघांना विचारा, आणि मधे फोन उभा करा. त्याआधी मऊ फडक्याने भिंगे तेवढी पुसून घ्या. चकलीच्या तेलाचे बोट लागले, की चार डोळ्यांच्या फोनालाही सारे धूसर दिसते, आणि त्यावर अजून कोणत्याही कंपनीने उपाय काढलेला नाही.