फसव्या चालीचा विजय

संगणकाच्या आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तीन-तीन मिनिटांचे बुद्धिबळाचे डाव आता अहोरात्र रंगत असतात. या घाईच्या खेळाने शास्त्रदृष्ट्या त्याज्य ठरलेल्या एका जुन्या सुरुवातीला नवे आयुष्य दिले आहे. तिचे नाव एंग्लुंड गँबिट. १९३२ मध्ये या प्रकाराची खास स्पर्धा पुरस्कृत करणाऱ्या स्वीडनच्या फ्रिट्झ एंग्लुंड याच्यावरून ते पडले. पांढऱ्याने वजिरापुढचे प्यादे दोन घरे सरकवताच काळा राजापुढचे प्यादे तितकेच पुढे करून ते फुकट देऊ करतो.

पुढचा सापळा ठरलेला आहे. काळ्याचा वजीर लवकर बाहेर पडतो, शह देतो आणि एक प्यादे टिपून कोपऱ्यातल्या हत्तीवर नजर रोखतो. गोंधळलेला पांढरा त्याला हुसकावण्यासाठी उंट पुढे करतो आणि आठव्याच खेळीत मात ओढवून घेतो. तेथे उंटाऐवजी घोडा काढला, तर मात टळतेच. उलट काळ्याचा वजीरच अडचणीत सापडतो. तथापि घड्याळ धावत असता हे उत्तर सुचणे सोपे नसते.

यात लबाडी आहे असे कोणी म्हणू नये. सर्व सोंगट्या उघड्या पटावर असतात. शिवाय प्यादे देऊ करणे हा काही दोष नव्हे. वजिराच्या गँबिटमध्येही प्यादे देऊ केले जाते. पण ते बहुधा परत मिळते आणि पटाच्या मध्यावर पकडही बसते. तेथे त्यागामागे विचार आहे. येथे केवळ प्रतिस्पर्ध्याच्या अज्ञानावर भिस्त आहे.

खरा धोका हरणाऱ्याला नसून जिंकणाऱ्याला आहे. हरलेला एकदा ठेचकाळतो आणि उत्तर शिकतो. जिंकलेला मात्र तीच चाल पुन्हा खेळतो आणि वाढत्या गुणांकाला प्रगती समजतो. गुणांक वाढला की उत्तर ठाऊक असलेले प्रतिस्पर्धी समोर येतात. मग सापळा निकामी होतो, आणि हाती एक प्यादे कमी असलेला, न समजलेला डाव उरतो. अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याची पुढच्या वर्गात हीच गत होते, हे शिक्षकांना सांगायला नको.

यावर उपाय बंदी हा नव्हे. मौजेखातर हा गँबिट अवश्य खेळावा. परंतु ज्या यंत्रावर डाव जिंकला, तेच यंत्र त्यातील चूक क्षणार्धात दाखवू शकते. जिंकलेला डाव तपासण्याची ही पाच मिनिटे खर्च करण्याची सवय शाळांतील बुद्धिबळ मंडळांनी मुलांना लावली पाहिजे. पराभवाची कारणे सगळेच शोधतात. विजयाची कारणे शोधणाराच पुढे जातो.