शेजारची बैठक मोकळी ठेवा

संक्रांतीच्या दिवसांत भाईंदरजवळच्या मोरवा गावी गेलात, तर मिठागरांच्या बांधांवर पतंग उडवणारी मुले दिसतील. अशाच एका बांधावर नववीतल्या एका मुलाने मला विचारले, "सर, माझ्या पतंगाला मांजा लागतो. मग ती घार मांज्यावाचून, पंखही न हलवता वर कशी जाते?"

प्रश्न नामी होता. खरे म्हणजे घार तेव्हा वर जात नसते, ती हवेतून सावकाश खालीच घसरत असते. पण उन्हाने तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर चढते. घार दर सेकंदाला १ मीटर खाली येत असेल आणि भोवतालची हवा २ मीटर वर चढत असेल, तर घार सेकंदाला १ मीटर उंच जाते. त्या प्रवाहातून बाहेर पडू नये म्हणूनच ती घिरट्या घालते. माणसाचे ग्लायडर, म्हणजे इंजिन नसलेले विमान, याच युक्तीने तासन् तास आकाशात राहते.

"मग मला शिकता येईल?" हा त्याचा दुसरा प्रश्न. मी हो म्हणालो. आपल्या देशात विद्यार्थी वैमानिकाच्या परवान्यासाठी वयाची किमान अट १६ वर्षांची आहे. मोटार चालवण्यासाठी मात्र १८ वर्षे पुरी व्हावी लागतात! मुलाने उत्साहाने एका उड्डाणसंस्थेला पत्र लिहिले. त्याचे उत्तर आजतागायत आलेले नाही.

पत्राला उत्तर न देणे ही लहानशी गोष्ट वाटेल. ती तशी नाही, हे विमानविद्येचा इतिहासच सांगतो. अमेरिकेतील विल्बर राइट हा सायकलींचा दुकानदार. त्याच्याजवळ कोणतीही पदवी नव्हती. १८९९ साली त्याने स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून उड्डाणाविषयीची माहिती मागितली. संस्थेने पुस्तिका आणि पुस्तकांची यादी धाडली. पुढल्या वर्षी त्याने ऑक्टेव्ह शानूट या नामांकित अभियंत्याला लिहिले. ६८ वर्षांच्या शानूटने या अनोळखी माणसाला लगेच उत्तर दिले आणि मग दोघांत शेकडो पत्रे झाली. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे विमान १२ सेकंद उडाले. त्याचे श्रेय त्यांच्या चिकाटीला आहेच, पण नवख्याच्या पत्राची ज्यांनी दखल घेतली त्यांनाही ते थोडे द्यायला नको का?

आपल्याकडचे उदाहरणही ऐका. मुंबईत १९२८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये जे. आर. डी. टाटा जुहूला विमान चालवायला शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना त्यांना मिळाला. १९३० साली भारत आणि इंग्लंड यांमधील अंतर एकट्याने उडून जाण्याची स्पर्धा झाली. टाटा कराचीहून निघाले होते, तर १७ वर्षांचा अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून येत होता. इजिप्तमध्ये अबूकीर येथे स्पार्क प्लगवाचून अस्पी अडकून पडला होता. टाटांनी आपल्याजवळचा जादा प्लग त्याला दिला. स्पर्धा अस्पीने जिंकली. हाच अस्पी १९६० साली भारतीय वायुदलाचा प्रमुख झाला. नवोदिताला दिलेला हात कधी वाया जात नाही, तो असा.

यावर जाणकार म्हणतील, "उड्डाण म्हणजे पोरखेळ नव्हे." अगदी मान्य. ग्लायडरचा आद्य प्रणेता ऑटो लिलिएंथाल सुमारे २००० उड्डाणे करूनही १८९६ साली कोसळून मृत्यू पावला. पण स्वागत म्हणजे सवलत नव्हे. वैद्यकीय तपासणी, नियम, हवामानाचा अभ्यास यांत तसूभरही ढिलाई नको. उलट, नियम कशासाठी आहेत हे नवख्याला आपुलकीने समजावून सांगणारा माणूसच त्याला खरा सुरक्षित ठेवतो. १९६१ साली आपल्याच देशात तयार झालेल्या 'रोहिणी' या ग्लायडरची रचना पाहा. त्यात शिकणारा आणि शिकवणारा शेजारी शेजारी बसतात. उड्डाण शिकवण्याची खरी रीत हीच आहे!

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. उड्डाणसंस्थांनी वर्षातून एक दिवस तरी शाळांसाठी दार उघडावे आणि विद्यार्थ्यांच्या पत्रांना दोन ओळींचे का होईना, उत्तर द्यावे. खर्च मोठा आहे, सर्वांना तो झेपणार नाही, हे खरे. पण पाहायला आणि विचारायला काय पैसे पडतात? शिक्षकांनी शाळेत प्रतिकृती विमानांचा छंदवर्ग चालवावा. पुठ्ठ्याच्या ग्लायडरच्या नाकावर थोडे वजन लावले की त्याची घसरण कशी सुधारते, हे मुलांना स्वतः पाहू द्यावे. जवळपास राष्ट्रीय छात्रसेनेचा वायुविभाग असेल तर तिकडे मुलांना आवर्जून पाठवावे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, एका पत्राला उत्तर आले नाही म्हणून लेखणी खाली ठेवू नका. मोरव्याचा आपला मित्र या आठवड्यात दुसरे पत्र लिहितो आहे. या वेळी त्याने घारीच्या घिरट्यांची आकृतीही काढली आहे. त्याला उत्तर मिळेल ना?