संगणकातील वाद्ये आणि घरातले गाणे

धानाची कापणी उरकली की चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया आणि भंडारा या झाडीपट्टीच्या जिल्ह्यांत मंडई भरू लागते आणि गावोगावी रात्रभर नाटके रंगतात. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे या रंगभूमीचे केंद्र. याच रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले. झाडीपट्टीच्या नाटकात गाणे आजही समोर बसलेल्या वादकांच्या साथीने गायिले जाते. पायाने भाता हलवून वाजवायच्या ऑर्गनच्या जोडीला तेथे कीबोर्ड आला, तबल्याशेजारी ऑक्टोपॅड आला. त्यापुढचा टप्पा मात्र मंचावर न घडता घरात घडत आहे. लॅपटॉप, लहानसा कीबोर्ड आणि एक मायक्रोफोन एवढ्या सामग्रीवर स्तवन, भजन, भावगीत किंवा नाटकाचे पार्श्वसंगीत घरच्या घरी तयार करणारी तरुण मुले-मुली आता चंद्रपुरात, वरोऱ्यात आणि ब्रह्मपुरीतही दिसतात. त्यांच्या हाती संपूर्ण वाद्यवृंद आला आहे. त्यातून काय घ्यावे, ते कसे वाजवावे आणि जे त्यात नाही त्याचे काय करावे, हा या सदराचा आजचा विषय आहे.

या वाद्यांना ‘व्हर्च्युअल इन्स्ट्रुमेंट प्लगइन’ म्हणतात. ध्वनिमुद्रणाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये बसवायचे हे जोड-वाद्य होय. कीबोर्ड आणि संगणक यांना एकमेकांशी बोलण्याची ‘मिडी’ ही भाषा १९८३ पासून रूढ झाली. श्टाइनबेर्ग या जर्मन कंपनीने १९९६ मध्ये ‘व्हीएसटी’ ही पद्धत आणली आणि १९९९ पासून त्या पद्धतीत वाद्येही वाजू लागली. आज मिळणारी बहुतेक आभासी वाद्ये तीन प्रकारांत मोडतात. पहिला प्रकार नमुन्यांचा, म्हणजे सॅम्पलचा. कुणा वादकाने वाजविलेला एकेक स्वर ध्वनिमुद्रित करून तो पट्टीखाली ठेवलेला असतो. दुसरा प्रकार सिंथेसायझरचा. त्यात विद्युत लहरींच्या गणितातून ध्वनी निर्माण होतो. तिसऱ्या प्रकारात तार, पडदा किंवा हवेचा स्तंभ कसा कंप पावतो याचे गणित मांडून त्यातून वाद्य उभे केले जाते. त्यामुळे ‘पियानोटेक’सारखा पियानो अगदी थोड्या जागेत मावतो, तर नमुन्यांवर आधारलेला पियानो कित्येक जीबी जागा व्यापतो.

निवडीचा पहिला निकष आपल्या गाण्याच्या स्वभावातूनच निघतो. पट्टीच्या वाद्याला भारतीय गाणे पेलते काय, हा प्रश्न संगणकाच्या आधीचा आहे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला आपल्या केंद्रांवर बंदी घातली. या वाद्यातून मींड निघत नाही आणि त्याचे बांधीव स्वर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, हे त्यामागचे मुख्य आक्षेप होते. १९७१ मध्ये ही बंदी अंशतः उठली. मधल्या काळात घराघरांत, कीर्तनात आणि नाटकात हार्मोनियम वाजतच राहिली, कारण वादकांनी तिची मर्यादा ओळखून तिला गळ्याच्या मागे कसे ठेवावे हे शिकून घेतले होते. आभासी सतार किंवा बासरी निवडतानाही तोच विवेक लागतो.

समजा, एखाद्या मुलीला काळी चारमध्ये स्तवन गायचे आहे आणि साथीला तंबोरा, बासरी व तबला हवा आहे. तिने विकत घेण्यापूर्वी प्रत्येक वाद्याची चार प्रकारे परीक्षा करावी. पहिली परीक्षा मींडेची. कीबोर्डवरील स्वर वाकविण्याचे चाक सामान्यतः दोन अर्धस्वरांपर्यंतच जाते. षड्जापासून शुद्ध मध्यमापर्यंतची मींड पाच अर्धस्वरांची असते. प्लगइनमध्ये ही मर्यादा वाढविता येते काय आणि वाढविल्यावर बासरी बासरीच राहते काय, हे ऐकावे. दुसरी परीक्षा पुनरावृत्तीची. एकच बोल आठ वेळा सलग वाजवावा. दर वेळी तोच नमुना उमटत असेल तर तबला शिलाई यंत्रासारखा ऐकू येतो. चांगल्या संचात एका बोलाचे अनेक नमुने आळीपाळीने वाजतात. तिसरी परीक्षा जोराची. मिडीमध्ये आघाताचा जोर १ ते १२७ या अंकांत मोजला जातो. हलक्या बोटाने वाजविल्यावर नुसता आवाज कमी होतो की ध्वनीचा पोतही बदलतो, ते पाहावे. चौथी परीक्षा स्वरपट्टीची. तंबोरा काळी चारला लावल्यावर त्याचा झणत्कार कृत्रिम तर होत नाही ना, आणि तबला त्या षड्जाला मिळतो ना, हे डोळे मिटून ऐकावे. जाहिरातीतील चित्रफितीत वाद्य नेहमीच त्याच्या सर्वांत सोयीच्या पट्टीत वाजत असते.

दुसरा निकष ठिकाणाचा आहे. मुंबई-पुण्यात बसून लिहिलेल्या मार्गदर्शनात तो क्वचितच आढळतो. वीस-तीस जीबींचा संच उतरवून घेणे चंद्रपूर शहरात शक्य आहे. एटापल्ली किंवा भामरागडकडे नेटवर्कची गोष्ट वेगळी, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच अनेकदा बंद होतो. म्हणून जे प्लगइन दर थोड्या दिवसांनी इंटरनेटवरून परवाना तपासते, ते अशा घरांच्या उपयोगाचे नाही. एकदा परवानगी घेतली की जोडणीशिवाय चालणारे वाद्यच घ्यावे. मोठ्या फायली शहरात उतरवून बाह्य एसएसडीवर घरी नेणे सोयीचे पडते. साध्या हार्ड डिस्कवरून मोठे संच अडखळतात, कारण नमुन्याचा आरंभ तेवढा मेमरीत असतो आणि उरलेला भाग वाजविताना डिस्कवरून वाचला जातो. मेमरी १६ जीबी असल्यास काम निर्वेध होते. ८ जीबीवर वाद्यांची संख्या आवरती ठेवावी लागते.

चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. तापलेला संगणक आपला वेग आपणच कमी करतो आणि गाणे मध्येच तुटू लागते. त्यावर ‘फ्रीझ’ नावाची सोय आहे. एका वाद्याचे वादन निश्चित झाले की त्याचे साध्या ध्वनिफितीत रूपांतर करून ठेवावे. संगणकावरचा भार तत्काळ हलका होतो. या सवयीचा दुसरा लाभ काही वर्षांनी कळतो. संगणक बदलला, प्लगइन बंद पडले, तरी ध्वनिफीत उघडता येते आणि गाणे वाचते.

वापरातील पहिली अडचण विलंबाची असते. पट्टी दाबल्यावर स्वर उशिरा उमटतो. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या ध्वनिमुद्रणात बफर १,०२४ ठेवला तर हा विलंब सुमारे २३ मिलिसेकंदांचा होतो. म्हणजे वाद्य जणू आठ मीटर अंतरावर वाजत आहे. वाजविताना बफर १२८ ठेवावा, म्हणजे विलंब ३ मिलिसेकंदांच्या आत येतो. ध्वनिमिश्रण करताना तो पुन्हा वाढवावा.

दुसरी गोष्ट वादकाच्या देहाची. बासरीवादकाला श्वास घ्यावा लागतो, म्हणून बासरीच्या ओळीत श्वासापुरती जागा सोडावी. सतारीला दोन हात असतात, म्हणून कीबोर्डवर दहा बोटांनी तिचे स्वर एकत्र दाबू नयेत. तबल्याचे बोल यंत्राच्या रेषेवर नेमके बसवून टाकण्याची आज्ञा एका कळीवर मिळते. ती दिली की ठेक्यातील झोल नाहीसा होतो. जेथे हात खरोखर चुकला असेल तेथेच दुरुस्ती करावी. आणि गळा ज्या सप्तकात फिरतो त्या सप्तकात साथीची गर्दी करू नये. पाच वाद्ये वाजत असताना शब्द कळत नसतील, तर दोन बंद करून पाहणे हा पहिला उपाय आहे.

खर्चाचा प्रश्न कुटुंबातील वडीलधाऱ्यांसमोर येतो, तेव्हा त्यांना आरंभ विनामूल्य होऊ शकतो हे ठाऊक असावे. ‘स्पिटफायर ऑडिओ’ची ‘लॅब्ज’, ‘डीसेंट सॅम्पलर’ आणि ‘सर्ज’ हा सिंथेसायझर ही वाद्ये पैसे न देता मिळाली आहेत. ‘रीपर’ हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर ६० दिवस वापरून पाहता येते आणि त्याचा वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा आहे. भारतीय वाद्यांसाठी ‘स्वार सिस्टिम्स’ या स्विस कंपनीचे संच बरीच वर्षे उपलब्ध आहेत. एक सूक्ष्म अट मात्र वाचून घ्यावी. ‘कॉन्टॅक्ट प्लेयर’ विनामूल्य आहे, पण अनेक संचांना पूर्ण ‘कॉन्टॅक्ट’ लागते. असे संच विनामूल्य प्लेयरमध्ये १५ मिनिटे वाजतात आणि थांबतात. पैसे भरल्यावर हे कळणे दुःखदायक असते.

याच टप्प्यावर कुणी मित्र हजारो रुपयांची वाद्ये पेन ड्राइव्हवर फुकट देऊ करतो. कुलूप तोडलेल्या अशा प्रतींबरोबर संगणकात विषाणू येऊ शकतो, हा व्यावहारिक धोका झाला. या मासिकाच्या वाचकांना त्यापलीकडचेही सांगण्याची गरज नसावी. तत्त्वार्थसूत्राने अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत चोरून आणलेली वस्तू स्वीकारण्याचाही समावेश केला आहे. स्वतः चोरी केली नाही एवढ्याने व्रत निर्दोष राहत नाही. ज्या स्तवनाच्या तबल्याची प्रतच चोरीची, त्या स्तवनाचा आरंभच सदोष होतो. विनामूल्य आणि प्रामाणिक अशी पुरेशी वाद्ये हाती असताना तर या मोहाला सबबही उरत नाही.

आता जे कोणत्याही विक्रीच्या यादीत सहजी सापडत नाही त्याकडे वळावे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने विदर्भाची गावे जागविली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूरला झालेल्या उठावामागे त्यांच्या भजनांची प्रेरणा होती. दाक्षिणात्य कंजिरा संचांत मिळतो. विदर्भातील भजनमंडळाच्या हातातली खंजिरी, तिच्या झांजांची किणकिण आणि अंगठ्याचा दाब वेगळा. गडचिरोलीतील माडिया गोंडांचा ढोल, गोंडांची मांदरी यांचीही तीच कथा. बाजारातील ‘आदिवासी ढोल’ नावाच्या कळीखाली कोणत्या खंडातील ढोल आहे हे बहुधा सांगितलेले नसते. भद्रावतीपासून भामरागडपर्यंतच्या प्रत्येक घरातील गाण्यात तोच परका ढोल वाजू लागला, तर येत्या पिढीच्या कानाला आपल्या प्रदेशाचा नाद ओळखता येणार नाही.

उपाय घरातल्या त्याच मायक्रोफोनमध्ये आहे. खंजिरीचे चार प्रकारचे आघात निवडावेत. प्रत्येक आघात हलका, मध्यम आणि जोरकस अशा तीन तऱ्हांनी, आणि प्रत्येक तऱ्हा चार वेळा वाजवावी. असे ४८ नमुने होतात. प्रत्येकी दोन सेकंद धरले तर एका मायक्रोफोनच्या उत्तम ध्वनिमुद्रणात त्यांचा आकार सुमारे १३ एमबी भरतो. गादी-रजया टांगलेली खोली पुरते. वीज गेलेली वेळ या कामास सर्वांत चांगली, कारण पंखा आणि फ्रीज दोन्ही शांत असतात आणि लॅपटॉप बॅटरीवर चालतो. हे नमुने ‘डीसेंट सॅम्पलर’मध्ये बसविले की खंजिरीचे प्लगइन तयार होते. कातडे वर्ज्य मानणाऱ्या घरांना कृत्रिम पडद्याची खंजिरीही मिळते. तिचा नाद थोडा निराळा असतो, तोही जतन करण्याजोगा आहे.

या कामात एक दायित्व मात्र आहे. नमुना म्हणजे कुणाच्या तरी हाताची कमाई. भजनमंडळातील खंजिरीवादक किंवा गावातील ढोलवादक दोन तास वाजवील, आणि त्यानंतर त्याचा हात त्याच्या अनुपस्थितीत वर्षानुवर्षे वाजत राहील. हे त्याला त्याच्या भाषेत आधी समजावून सांगावे. त्याची संमती घ्यावी, ठरलेले मानधन त्याच दिवशी द्यावे आणि गाण्याखाली त्याचे नाव लिहावे. त्याचे नमुने पुढे कुणाला द्यायचे वा विकायचे झाल्यास पुन्हा विचारावे. जे वादन पूजाविधीचे आहे आणि गावाला ते बाहेर जाऊ द्यायचे नाही, तेथे मायक्रोफोन बंद ठेवावा. झाडीपट्टीतील अनेक वादकांची वर्षाची मिळकत नाटकांच्या काही महिन्यांवर अवलंबून असते. त्यांच्या कलेतून वाद्य घडविताना त्यांच्याच पोटावर पाय येऊ नये, एवढी काळजी घेणे कठीण नाही. शक्य असेल तेथे मुख्य ठेका प्रत्यक्ष वादकाकडून वाजवून घ्यावा आणि आभासी वाद्ये तंबोऱ्यासारख्या पार्श्वभूमीच्या कामास लावावीत.

नव्याने आरंभ करणाऱ्याने पहिल्या वर्षी एक तंबोरा, एक तालवाद्य, एक बासरी आणि एक पियानो किंवा हार्मोनियम एवढीच आभासी वाद्ये ठेवावीत आणि त्यांवर दहा गाणी पूर्ण करावीत. अकराव्या गाण्याच्या वेळी जे वाद्य खरोखर उणे भासेल, ते विकत घ्यावे. आणि ते गावातच वाजत असेल, तर वादकाच्या घरी जाऊन त्याला विचारावे.