थोरल्याच्या पुण्याईवर

मुलगी आठ वर्षांची असतानाची गोष्ट. डिस्नेच्या 'अल्लादीन'ची कॅसेट तिने लायब्ररीतून इतक्या वेळा आणवली होती की, भाड्याच्या पैशांत ती विकत आली असती. एका शनिवारी मी मोठ्या कौतुकाने तिचा दुसरा भाग, 'द रिटर्न ऑफ जाफर', घेऊन आलो. पंधरा-वीस मिनिटे ती गप्प बसून पाहत होती. मग म्हणाली, "बाबा, हा जिनी तो नाहीये. आवाज वेगळाच आहे." मी म्हटले, "अगं, कार्टूनच ते!" ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने उठून खेळायला निघून गेली.

तिचेच बरोबर होते. १९९२ च्या 'अल्लादीन'मध्ये जिनीचा आवाज रॉबिन विल्यम्स यांचा होता. ते ऐन वेळी सुचेल ते बोलत गेले आणि चित्रकार त्या बोलण्याच्या मागे धावले. आपला आवाज खेळणी नि मालाच्या जाहिरातींसाठी वापरला म्हणून पुढे त्यांचे डिस्नेशी बिनसले आणि १९९४ च्या दुसऱ्या भागात डॅन कॅस्टेलानेटा आले. 'द सिम्पसन्स'मधला होमर त्यांचाच. माणूस गुणी, पण अंगरखा दुसऱ्याच्या मापाचा. चित्रपटही मूळ चमूचा नव्हताच. दूरचित्रवाणी विभागाने येऊ घातलेल्या मालिकेची सुरुवात म्हणून योजलेली ती गोष्ट. चित्रपटगृहाची पायरी न चढता ती थेट कॅसेटवर आली आणि अफाट खपली. तिथेच घात झाला.

मग रांगच लागली. 'लायन किंग'चा दुसरा भाग १९९८ मध्ये, 'सिंड्रेला'चा २००२ मध्ये, आणि १९४२ च्या 'बाम्बी'चा तब्बल ६४ वर्षांनी, २००६ मध्ये! दोष एकट्या डिस्नेचा नाही. 'द लँड बिफोर टाइम' या १९८८ च्या डायनोसॉरपटाचे, मूळ दिग्दर्शक डॉन ब्लुथ त्यात नसताना, २०१६ पर्यंत आणखी तेरा भाग निघाले. 'सिंड्रेला'च्या दुसऱ्या भागात तर सलग कथाच नाही, तीन गोष्टी एका दोऱ्यात ओवलेल्या. 'ॲटलांटिस'चा २००३ चा दुसरा भाग म्हणजे गुंडाळलेल्या मालिकेचे तीन भाग शिवून केलेली गोधडी.

माझी नोकरी बँकेतली. कर्ज देताना आम्ही तारण पाहत असू. इथे तारण ठेवली होती ती मुलांची माया, आणि मुलांना न विचारता. 'लहान मुलांना काय कळते' या एका वाक्यावर हा सगळा व्यवहार चालला. खरे तर मुलांनाच कळते. तीच एक चित्रपट पन्नास वेळा पाहतात. आपण आईबाप मात्र डब्यावरचे चित्र पाहून पैसे मोजतो आणि पोर तासभर एका जागी बसले म्हणून खूश होतो.

पैसा कमी होता, ही सबब मला पटत नाही. २००७ चा 'सिंड्रेला'चा तिसरा भागही थेट घरीच आलेला. त्यात सावत्र आईच्या हाती जादूची कांडी लागते, काळ मागे फिरतो आणि काचेचा बूट चक्क ॲनास्तासियाच्या पायात बसतो. आता सिंड्रेलाला स्वतः धडपडणे भाग! कुणीतरी गोष्टीवर मेहनत घेतली होती, एवढेच. आणि 'टॉय स्टोरी २'? तोही आधी व्हिडिओसाठीच घेतलेला. पिक्सारच्या मंडळींना तो मनासारखा वाटेना, तेव्हा त्यांनी जेमतेम नऊ महिन्यांत तो जवळपास नव्याने उभा केला आणि १९९९ मध्ये चित्रपटगृहात आणला. २००६ मध्ये डिस्नेने पिक्सार घेतले, तेव्हा याच मंडळींच्या हाती सूत्रे आली आणि त्यांनी स्वस्तातल्या पुढच्या भागांची ही रांग थांबवली. २००८ चा 'लिटल मर्मेड'चा तिसरा भाग त्या रांगेतला शेवटचा.

थांबवली म्हणजे नवे निघेनात. जुने कुठे जातात! परवा नात टॅबलेटवर 'अल्लादीन' पाहत होती. तो संपताच खाली दुसऱ्या भागाचे चित्र उमटले आणि तिचे बोट तिकडे वळले. स्वयंपाकघरातून तिच्या आईचा आवाज आला, "तो नको लावूस गं. त्यातला जिनी खोटा आहे."