‘चिंता करू नका’ म्हणजे ‘हरकत घेऊ नका’ नव्हे

हे मुख्यतः उत्तन, डोंगरी, पाली, चौकच्या माझ्या ख्रिस्ती भावाबहिणींसाठी लिहितोय. मीरा रोडच्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांनीही वाचा, कारण हे सगळे प्रकल्प तुमच्या सोयीच्या नावाने येतायत.

आपल्या टोकाला सध्या तीन गोष्टी उभ्या आहेत. डोंगरीला मेट्रो ९ ची कारशेड. आधी ती राई-मुर्धे-मोर्व्याला होणार होती. तिथल्या लोकांनी विरोध केला आणि ती आपल्याकडे सरकली, आता बारा हजारांवर झाडांचा प्रश्न आहे. दुसरी, उत्तन-विरार सागरी सेतू, जोडरस्ते धरून साधारण ५५ किलोमीटर. तिसरी म्हणजे धावगीच्या डोंगरावरचा कचरा. तो काही ‘येणार’ नाही, कधीचाच येऊन बसलाय. पेटला की धूर आपल्याच घरात. १९९१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदर पावणेदोन लाखांचं होतं, २०११ ला आठ लाखांच्या वर गेलं. एवढ्या माणसांचा कचरा, रस्ते, गाड्या कुठेतरी जाणारच होत्या. पण ते ‘कुठेतरी’ म्हणजे दर वेळी आपलंच गाव का, हे विचारायला नको?

विचारलं की उत्तर येतं: देव बघून घेईल.

या वाक्याचा मला राग येतो, आणि मी रोज जपमाळ म्हणणारा माणूस आहे. माझ्या पुतण्याने मध्ये विचारलं, काका, बोटीचं इंजिन नवीन टाकू का? कर्ज काढावं लागेल. पुलाचे खांब आले तर डोल कुठे लावायची? की बोट विकून टाकू? घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी त्याला नोव्हेना करायला सांगितलं. नोव्हेना करावीच. पण त्याचा प्रश्न पंचवीस वर्षांच्या माणसाचा आणि बँकेच्या हप्त्याचा होता, त्याला नऊ दिवसांनी तोच प्रश्न परत पडणार.

‘उद्याची चिंता करू नका’ हे आपण डोंगरावरच्या प्रवचनातून घेतो. पाखरं, रानफुलं, सगळं पाठ आहे. पण मत्तयच्या सहाव्या अध्यायात त्याच्या जरा आधी काय आहे ते वाचा. पृथ्वीवर धन साठवू नका, आणि देवाची व पैशाची चाकरी एकाच वेळी जमणार नाही, हे तिथे आहे. त्याला जोडूनच, ‘म्हणून’ असं म्हणत, चिंतेचा विषय येतो. म्हणजे हा उपदेश हात बांधून बसलेल्यांचं कौतुक करत नाही, तो पैशाच्या भीतीने माणूस कोणाचा गुलाम होतो ते सांगतो. आणि पाखरं तरी कुठे बसून खातात? चौकच्या जेटीवर सकाळी बोट लागली की बगळे बघा.

आपल्या गावात ह्याचा अर्थ फार सरळ आहे. अनिश्चिततेवर सगळ्यात जास्त पोट कोणाचं भरतं? दलालाचं. ‘इथे काही राहणार नाही, सगळं सरकार घेणार, आत्ताच दे’ हे वाक्य तुमच्यापैकी कितीजणांनी ऐकलंय? व्हॉट्सअ‍ॅपवर रोज नवा नकाशा फिरतो, कोणी काढला ते कोणालाच माहीत नसतं. घाबरलेला माणूस स्वस्तात विकतो. तिथे श्रद्धेचा खरा उपयोग आहे. उद्याची धास्ती घेऊन आज सही न करणं, एवढं जरी तिने शिकवलं तरी पुष्कळ झालं.

पेत्राचंच बघा. येशूला क्रूसावर मारलं, नंतर तो दिसलाही, पण पुढे काय करायचं ते कोणालाच नीट कळत नव्हतं. तेव्हा पेत्र उठतो आणि म्हणतो, मी मासे धरायला जातो. बाकीचे म्हणतात, आम्हीपण येतो. रात्रभर काही मिळत नाही. हा प्रसंग कोळ्याला समजावून सांगायची गरज नाही. भविष्य कळत नसताना माणूस हाताशी असलेलं काम करतो, आणि तेही एकट्याने नाही.

आता आपल्या हाताशी काय आहे? शेतजमीन गेली तर सातबारा असतो. समुद्राचा सातबारा नाही. पण ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली खाडीतल्या मच्छीमारांचा पारंपरिक हक्क आणि भरपाईचा मुद्दा उचलून धरला. हक्क आहे, पण तो कागदाने दाखवावा लागतो. बोटीचं रजिस्ट्रेशन, मासेमारीचा परवाना, सोसायटीची डिझेलची नोंद, डोल कुठे लागते त्याची माहिती. आणि सगळ्यात अवघड बाब म्हणजे आपल्या बाया. वलांडीवर बोंबील त्या सुकवतात, बाजारात पाटी घेऊन त्या बसतात, पण कुठल्याच कागदावर त्यांचं नाव नाही. उद्या मोजणी झाली तर बोटमालक मोजला जाईल, त्या मोजल्या जाणार नाहीत.

‘चर्चने यात पडू नये’ म्हणणारे आहेत, आणि त्यांची भीती मला कळते. अल्पसंख्य आहोत, दिवस बरे नाहीत. पण पलीकडे वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो होऊन गेले. ‘सुबोध बायबल’ लिहिणारा, साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झालेला हा माणूस हरित वसईसाठी बिल्डर आणि पाण्याच्या टँकरविरुद्ध रस्त्यावर उभा राहिला, आणि त्यांच्यासोबत फक्त ख्रिस्ती नव्हते. वसई पूर्ण वाचली असं मी म्हणत नाही, जाऊन बघा, इमारती दिसतील. पण लोकांना न विचारता सगळं झालं असंही कोणी म्हणू शकत नाही. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ पत्रात सृष्टी आणि गरीब यांचं रडणं एकत्रच ऐकायला सांगितलं. मग डोंगरीच्या झाडांबद्दल वेदीवरून बोलणं राजकारण कसं ठरतं?

माझी मागणी छोटी आहे. ८ सप्टेंबरला वेलंकनी मातेच्या फेस्ताला अख्खं गाव उत्तनला असतं, बाहेर गेलेली पोरंही येतात. नोव्हेनाच्या नऊही दिवशी मिस्सेनंतर हॉलमध्ये एक टेबल लावा. सोसायटीचा एक माणूस, कायदा कळणारा एक, आणि लिहायला अक्षर बरं असलेल्या दोन मुली. मासे सुकवणाऱ्या, विकणाऱ्या प्रत्येक बाईचं नाव, किती वर्षं, कुठल्या जागेवर, फोटोसकट लिहून घ्या. टेबल मी आणतो. झेरॉक्सचे पैसे बोटवाल्यांनी घालावेत.